टायरच्या भरवशावर टपावर झोपू नका

"गाडीला रबरी टायर आहेत ना? मग वीज पडली तरी काय होणार?" पवनेच्या काठावर किंवा कामशेतच्या पुढे नाणे मावळातल्या एखाद्या उघड्या माळावर, गाडीच्या टपावर तंबू उभारणाऱ्या मंडळींकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता ते कानावर पडलं तरी धस्स होतं. बोलणारी माणसं शिकलेली असतात. हौसेनं घेतलेल्या फोर बाय फोर गाडीवर त्याहून हौसेनं रूफटॉप टेंट बसवतात, शिडीवरून मुलांना वर चढवतात, आणि डोंगरामागे गडगडायला लागलं की टायरकडे बोट दाखवून निर्धास्त होतात.

टायरचा यात काडीचाही संबंध नाही. ढगातून जमिनीकडे येणारी वीज काही किलोमीटर हवा भेदून आलेली असते, आणि कोरडी हवा ही चांगली विद्युतरोधक आहे. एवढी हवा जिला अडवू शकली नाही, तिला टायरचं वीतभर रबर काय अडवणार? शिवाय टायर निव्वळ रबराचा नसतोच. त्यात कार्बनची काजळी असते, पोलादी तारांचं जाळं असतं, आणि पावसात तो वरून ओलाही असतो.

मग गाडीत बसलेला माणूस वाचतो कसा? धातूच्या पेटीमुळे. मायकेल फॅरेडेनं १८३६ मध्ये प्रयोग करून दाखवलं होतं, की सगळीकडून वाहक पदार्थानं वेढलेल्या पोकळीबाहेर कितीही विद्युतभार असला तरी आत त्याचा परिणाम जाणवत नाही. गाडीवर वीज पडते तेव्हा प्रवाह टप, खांब आणि दारं यांच्या बाहेरच्या अंगानं वाहत चाकांपाशी उतरतो आणि जमिनीत जातो. काचा लावून आत बसलेला माणूस त्या वाटेत येत नाही.

गोंधळ नेमका इथे आहे. "गाडीत बसलं तर वाचतो" हे खरं, पण त्याचं सांगितलं जाणारं कारण खोटं. टायरमुळे वाचतो म्हटलं, तर सीटवर बसा नाहीतर टपावर झोपा, टायर दोन्हीकडे तेच. पत्र्याच्या पेटीमुळे वाचतो हे कळलं, की टपावरचा माणूस पेटीच्या बाहेर आहे हे लगेच दिसतं. आणि तो नुसता बाहेर नाही, तर मोकळ्या माळावरच्या सगळ्यात उंच जागी, कापडामागे आडवा आहे. काही तंबूंचं झाकण ॲल्युमिनियमचं असतं, पण बाजू कापडाच्याच असतात. त्यानं पेटी पुरी होत नाही. कापडी टपाच्या आणि फायबरच्या हार्डटॉपच्या गाड्यांत तर खाली सीटवरसुद्धा या संरक्षणाचा भरवसा धरू नये.

आपल्याकडे धोका वाढतो तो हंगामामुळे. जुलैतल्या मावळातल्या संततधारेला लोक घाबरतात, पण त्या दिवसांत कडकडाट तुलनेनं कमी असतो. विजा जास्त असतात त्या वळवाच्या आणि परतीच्या पावसात. म्हणजे एप्रिल-मे, आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबर. पाऊस ओसरला, डोंगर हिरवे आहेत, चला, म्हणून कॅम्पिंग सुरू होतं ते नेमकं याच ऑक्टोबरात. दुपारपर्यंत ऊन तापतं, संध्याकाळी ढगांचे डोंगर उभे राहतात. भाताच्या खाचरात काम करणारा शेतकरी पहिल्या गडगडाटाला खाचर सोडतो. आपणही टप सोडावा.

कधी सोडायचा, याचा हिशेब सोपा आहे. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि पुढची तुमच्या माथ्यावर पडू शकते. त्या क्षणी खाली उतरा. तंबू घडी करत बसू नका, तो भिजू द्या. पक्क्या टपाच्या गाडीत बसा, काचा लावा, हात मांडीवर ठेवा, दाराच्या धातूला टेकू नका. जवळ पक्कं घर असेल तर ते अधिक चांगलं. झाडाखाली मुळीच नको. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबा, मगच वर चढा.

"इतकं कुठे काय होतं?" असं ज्यांना वाटतं त्यांनी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल उघडावा. २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसं गेली. जुलै २०२१ मध्ये जयपूरच्या आमेर किल्ल्याजवळ टेहळणी बुरुजावर पाऊस बघायला चढलेली माणसं विजेनं मेली. तीही उघड्या उंचावरच होती.

दुसरा गैरसमज वजनाचा. "टपाची क्षमता पाऊणशे किलो, मग दोन माणसं झोपणार कशी?" मॅन्युअलमधला आकडा सहसा धावत्या गाडीचा असतो, कारण वळणावर आणि ब्रेक लावताना त्या वजनाचे हिसके बसतात. उभी गाडी त्याच्या कितीतरी पट भार पेलते. म्हणून मोजायचं ते तंबू आणि कॅरिअर यांचं मिळून वजन, आणि ते मॅन्युअलच्या आकड्याच्या आत बसायला हवं. बऱ्याच तंबूंचं एकट्याचंच वजन पन्नास ते ऐंशी किलो भरतं, म्हणजे हिशेब इथेच चुकतो.

उंचावर झोपलं की साप-विंचवाची काळजी नाही, हे झोपेपुरतंच खरं. रात्री उतरताना शिडीच्या पायथ्याशी टॉर्च मारा आणि बूट वर घेऊन झोपा. सकाळी आतून ओला झालेला तंबू गळका असेलच असं नाही. बऱ्याचदा ती तुमच्याच श्वासाची वाफ असते, खिडकी थोडी उघडी ठेवा. थंडीत तंबूत शेगडी घेऊन "चेन थोडी उघडी ठेवली की झालं" म्हणणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, घेऊ नका; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि मोबाइल वीज ओढून घेत नाही. उलट त्यावर पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनं तयार केलेलं 'दामिनी' ॲप घ्या. आसपास पडणाऱ्या विजांची सूचना ते देतं. फक्त ते कामशेत सोडण्याआधी उतरवून घ्या. आत खोऱ्यात रेंज गेली, तर तीस सेकंद मोजणं तेवढं हाताशी राहतं.