सुटीचा दिवस आणि आपला मुलूख



तत्त्वज्ञान, अर्थकारण, संतवाङ्मय अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीत सुटीच्या सहलीचा विषय काहीसा हलका वाटण्याचा संभव आहे. पण मनुष्य आपली रिकामी वेळ कशी घालवतो यावरून त्याची जितकी पारख होते, तितकी त्याच्या कामावरून होत नाही. काम पुष्कळदा पोटासाठी पत्करावे लागते. सुटी मात्र आपली आपण भोगावयाची असते. म्हणून या विषयाला थोडा वेळ द्यावा असे आम्हांस वाटते.

रविवारची सुटी ही आपल्याकडे आपोआप आलेली नाही. शेतकऱ्याला आठवड्याची सुटी ठाऊकच नव्हती. त्याची विश्रांती सणाला, अमावस्येला आणि जत्रेला बांधलेली असे. मुंबईच्या गिरण्यांतले कामगार तर सातही दिवस राबत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यांची संघटना बांधली, अर्ज केले, सभा भरवल्या आणि १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळू लागली. इतक्या सायासांनी मिळालेला दिवस आपण कशात घालवतो, हे आपले आपणच पाहिले पाहिजे.

आजचा शहरवासी सुटी मिळताच लांब पळतो. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला आहे, मुंबईची जलद गाडी आपल्या स्टेशनातून मिळते. वेरूळ, अजिंठा ही नावे तर जगाच्या तोंडी आहेत. तिकडे जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. परंतु वेरूळ दहा वेळा पाहिलेला आणि भोकरदन एकदाही न पाहिलेला जालनेकर आमच्या माहितीचे पुष्कळ आहेत. त्याचे कारण आळस हे नव्हे. ‘तिथे पाहण्यासारखे काय आहे?’ हा प्रश्न त्यांच्या मनात असतो आणि त्याचे उत्तर त्यांना कोणी दिलेले नसते. ते उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

आपला जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. म्हणजे जिल्हा नवा आहे, पण मुलूख फार जुना. एक दिवस उत्तरेकडे काढावा. जालन्याहून राजूरला जावे. तेथील गणपतीला भाविक लोक पूर्ण पीठाचा मान देतात, आणि अंगारकी चतुर्थीला तेथे पाय ठेवावयास जागा नसते. दर्शन घेऊन तोच रस्ता धरून भोकरदनला यावे. गावाच्या बाजूने केळना नदी वाहते. गाव साधेच दिसते. पण प्राचीन लेखांत याचे नाव ‘भोगवर्धन’ असे येते. मध्य भारतातील सांची आणि भारहूत येथील स्तूपांना ज्यांनी दाने दिली, त्यांची नावे दगडांवर कोरलेली आहेत, आणि त्या दात्यांत भोगवर्धनचे लोक आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी या गावच्या माणसांपाशी इतक्या दूर दान पाठवण्याजोगे धन आणि मन दोन्ही होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

हे धन आले कोठून? प्रतिष्ठान म्हणजे पैठण ही सातवाहनांची राजधानी. तेथून उत्तरेस उज्जयिनीकडे जो व्यापारी मार्ग जाई, त्या वाटेवर भोगवर्धन होते. त्याच काळात एका ग्रीक भाषिक दर्यावर्द्याने लिहिलेल्या प्रवासवर्णनात असे नमूद आहे, की भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि त्याच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजचे तेर, आहे. माल गाड्यांवरून बंदराला आणि तेथून समुद्रावाटे रोमन साम्राज्यात जाई.

१९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून भोकरदन येथे उत्खनन केले. त्यात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक अवशेष मिळाला. आता गंमत पाहा. इटलीत व्हेसुव्हियस ज्वालामुखीने इ.स. ७९ मध्ये पाँपेई नगर गाडून टाकले. त्या राखेतून १९३८ साली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. अंगभर दागिने, दोन बाजूंस दोन लहान दासी, आणि घडण उघड उघड भारतीय. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. भोकरदनच्या अवशेषाचे तिच्याशी इतके साम्य आहे, की पाँपेईची मूर्ती याच भागात घडली असावी असे मत काही संशोधकांनी मांडले. तिच्या बैठकीवर वायव्येकडील खरोष्ठी लिपीतले अक्षर असल्यामुळे इतर संशोधक तिकडे बोट दाखवतात. वाद मिटलेला नाही. पण आपल्या एका तालुक्याच्या गावाचे नाव पाँपेईच्या चर्चेत घ्यावे लागते, ही गोष्ट त्या गावच्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असावयास नको काय?

भोकरदनहून पुढे असईकडे जावे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे मराठ्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली. एका बाजूस दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले, दुसऱ्या बाजूस आर्थर वेलस्ली. पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूवर नेपोलियनला हरवून जो वेलिंग्टन म्हणून गाजला, तोच हा. उतारवयात त्याला त्याची सर्वांत उत्तम कामगिरी विचारली असता त्याने वॉटर्लूचे नाव घेतले नाही, असईचे घेतले.

ही लढाई समजून घ्यावयाची तर पुस्तकापेक्षा जागेवर उभे राहावे. केळना आणि जुई या दोन नद्या येथे एकमेकींजवळ येतात आणि पुढे मिळतात. त्यांच्या बेचक्यात मराठ्यांच्या फौजेचा तळ होता. समोर नदीचे पात्र, काठ उंच, तोफा सज्ज. वाटाड्यांनी इंग्रजांना सांगितले, की खाली उतार नाही. पण वेलस्लीला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली, पिंपळगाव आणि वरूड. त्याने तर्क केला, की समोरासमोरच्या गावांचे लोक एकमेकांकडे जात-येत असणारच. म्हणजे तेथे उतार असलाच पाहिजे. तसा तो होता. तेथून सैन्य पार करून त्याने बाजूने चढाई केली. खेड्यांचा संसार कसा चालतो, एवढ्या एका निरीक्षणावर ती लढाई फिरली.

हार झाली, पण ती सहज झाली नाही. महादजी शिंद्यांनी कवायती पलटणी उभारल्या होत्या. त्यांचा वारसा येथे दिसला. गोलंदाज तोफांशेजारी कोसळेपर्यंत हटले नाहीत. कित्येकांनी मेल्याचे सोंग घेतले आणि शत्रू पुढे जाताच उठून पुन्हा तोफा डागल्या. प्रत्यक्ष लढलेल्या इंग्रजी सैन्यापैकी एक तृतीयांशाहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. त्या वर्षअखेरीस भोसल्यांनी देवगावचा आणि शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावचा तह केला, आणि दख्खनची सत्ता हातची गेली. आपल्या आजच्या भारतीय सेनेतील मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर जो हत्ती दिसतो, तो या असईचाच. हत्ती टोपीवर मिरवला जातो, इंग्रजी ग्रंथांत असईवर प्रकरणे लिहिली जातात. आणि जालन्याचा मनुष्य मात्र नकाशात ते गाव शोधत बसतो!

दुसरा दिवस दक्षिणेकडे काढावा. अंबडला मत्स्योदरी देवीची टेकडी आहे. टेकडीचा आकार माशासारखा म्हणून देवीचे हे नाव. नवरात्रात येथे मोठी यात्रा भरते. अंबडचा होळकरांशी संबंध होता, आणि गावातील बारवेशी अहिल्याबाईंचे नाव जोडले जाते. बारव पाहताना नुसता दगड पाहू नये. पाणी खाली गेले की माणसाने पायऱ्या उतरून त्याच्यापर्यंत जावे, अशी ती योजना असते. जेथे पाऊस बेभरवशाचा, तेथे पाण्यासाठी केलेली वास्तू ही देवळाइतकीच पुण्याची मानली गेली, हे त्यातले मर्म.

तेथून घनसावंगी तालुक्यातील जांबेस जावे. १६०८ साली रामनवमीस समर्थ रामदासांचा जन्म येथे झाला. सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांचे हे गाव. बारा वर्षांचा नारायण लग्नाच्या बोहल्यावरून निघून नाशिकजवळच्या टाकळीला गेला, ही कथा आपण लहानपणी ऐकतो; पण ज्या वाटेने तो गेला त्या वाटेची धूळ आपल्या पायाला लागलेली नसते. या जांबेच्या देवघरातील पुरातन मूर्ती २०२२ च्या ऑगस्टात चोरीस गेल्या आणि पुढे पोलिसांनी त्यांचा छडा लावला. ज्या वस्तूकडे गावाची नजर असते ती सहसा हलत नाही. जी केवळ उत्सवाच्या दिवशी आठवते, तिला पाय फुटण्याचे भय असते.

आता खाण्याविषयी. सहलीत खाणे नसेल तर ती सहल नव्हे, असे कोणी म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही. सध्या शहराशहरांतून खाद्यमहोत्सव भरतात. मराठवाड्याचा खरा खाद्यमहोत्सव मात्र शेतात भरतो, आणि तो म्हणजे हुरडा. रब्बी ज्वारीच्या कणसात दाणा भरतो, पण अजून टणक झालेला नसतो. त्यातील गोडवा पिठात पुरता बदललेला नसतो. ही अवस्था थोडेच दिवस टिकते. म्हणून हुरडा थंडीतच खावयाचा आणि शेतावरच खावयाचा. गोवऱ्यांची आगटी पेटवावी, निखाऱ्यात कणसे खुपसावीत, भाजली की तळहातावर चोळावीत आणि फुंकर मारून फोल उडवावे. सोबत गूळ, दही, शेंगदाण्याची वा जवसाची चटणी. सुरती, गुळभेंडी हे खास हुरड्याचे वाण. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला सारे घर शेतावर जाऊन भज्जी आणि आंबील खाते, त्याच जातीचा हा आनंद. आता हुरड्याचे पैसे घेऊन शहरवासीयांना बोलावणारे शेतकरीही आहेत. त्यात वाईट काही नाही. मात्र जाणाऱ्याने एवढे विचारावे, की यंदा पाऊस किती झाला आणि ज्वारीला भाव काय मिळतो.

हे विचारले म्हणजे मोसंबीची चवही निराळी लागेल. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्याच्या थोडेच आधी, २०१२-१३ च्या दुष्काळात, याच जिल्ह्यातील बागाच्या बागा वाळल्या. वर्षांनुवर्षे वाढवलेली झाडे शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने तोडून सरपणाला लावली. आणि त्याच दुष्काळात जालना तालुक्यातील कडवंची गाव तगून राहिले. तेथे १९९६ पासून पाणलोटाचे काम झाले होते. डोंगरावर समतल चर, शेताला बांधबंदिस्ती, नाल्यावर बंधारे, आणि पुढे गावभर शेततळी. माथ्यावरचे पाणी आधी अडवावयाचे, मग पायथ्याचे, असा तो क्रम. आज त्या गावात द्राक्षे पिकतात. किल्ला पाहावयास जातो तसे एखादा रविवार हे गाव पाहावयास जावे. तटबंदी शत्रूला अडवते, बांध पाण्याला अडवतो. आपल्या मुलखाला आज गरज दुसऱ्याची अधिक आहे.

संग्रहालयांविषयी थोडे बोलून संपवतो. तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आहे, पैठणला बाळासाहेब पाटील यांच्या नावाचे. ही दोन्ही नावे राजांची नाहीत. पांढरीच्या मातीतून पावसाळ्यात उघडे पडणारे मणी, नाणी, मातीची चित्रे वेचून जपणाऱ्या त्याच गावच्या माणसांची ती आहेत. पुण्यात चष्म्यांचा धंदा करणाऱ्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती जमवता जमवता केवढे संग्रहालय उभे केले, हे आपण जाणतोच. संग्रहालय सरकार चालवते. पण त्याचा आरंभ बहुधा एखाद्या वेड्या गृहस्थाच्या फडताळात झालेला असतो.

आमची सूचना लहानशी आहे. या व्याख्यानमालेस येणाऱ्या मंडळींनी वर्षातून चार रविवार आपल्याच जिल्ह्यास द्यावेत. जाण्यापूर्वी त्या गावाविषयी चार पाने वाचावीत, तेथे एखाद्या वृद्धाशी तासभर बोलावे, आणि परतल्यावर जे पाहिले ते तारीख घालून वहीत लिहावे. पुरातन जागेवरून वस्तू मात्र उचलून आणू नये. ती जागेवरच ठेवून तिचे छायाचित्र घ्यावे व पुरातत्त्व खात्यास कळवावे. कारण वस्तू कोठल्या थरात, कशाशेजारी होती हे हरवले, की तिचे अर्धे बोलणे संपते. मुलांना सोबत न्यावे. १६७९ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांच्या फौजेने जालन्याच्या पेठेवर स्वारी केली, ती महाराजांच्या अखेरच्या मोहिमांपैकी एक. हे घरात वाचून दाखवल्यास मूल जांभई देईल. जुन्या पेठेतून चालता चालता सांगितल्यास ते दहा प्रश्न विचारील.

त्या दहांपैकी चार प्रश्नांची उत्तरे आपणांस येणार नाहीत. ती शोधण्यात पुढचा रविवार जाईल, आणि लोखंड्यांनी मिळवून दिलेली सुटी सत्कारणी लागेल.