पत्राच्या पाठीवरचा प्रश्न

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

लोधिवलीला आमच्या घरी पत्रे वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे असे. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. मामू बोटीवर खलाशी होते. त्यांची निळी हवाई पत्रे महिन्या-दीड महिन्याने येत. नानीला वाचता येत नसे. ती सुपारी कातरत बसे आणि मी उंबऱ्यावर बसून मोठ्याने वाचे. एकदा मामूंनी लिहिले होते, की आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून परतताना त्यांच्या पिवळ्या कार्डावरची मुदत उलटून गेलेली निघाली, म्हणून त्यांना घरी न सोडता सहा दिवस वेगळे ठेवले होते. खाली लिहिले होते, वाचणाऱ्याने हे अम्मीला सांगू नये. मी तेवढा मजकूर गाळून सलामांवर आलो. नानीचा अडकित्ता थांबला. म्हणाली, "एवढंच?"

ते पिवळे कार्ड म्हणजे पीतज्वराची लस टोचून घेतल्याचा दाखला. कोकणातल्या ज्या घरांतून माणसे बोटीवर किंवा आफ्रिकेत गेली, त्या घरांना हे कार्ड पासपोर्टाइतकेच ओळखीचे आहे. पूर्वी ते दहा वर्षे चालत असे. ११ जुलै २०१६ पासून एकदा घेतलेली लस जन्मभर ग्राह्य धरतात. टोचल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो. पीतज्वर असलेल्या देशातून दाखल्याविना आलेल्या माणसाला आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवता येते. इतकी कडक शिस्त अशासाठी, की हा रोग भारतात कधीच पसरलेला नाही, पण तो पसरवणारा डास मात्र आपल्या घरात आहे. पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा, पिंपात आणि टायरात वाढणारा. डेंग्यूमुळे तो आता कर्जत-खालापूरच्या शाळकरी पोरांनाही माहीत झाला आहे.

हा रोग डासामुळे होतो हे कसे कळले, याची गोष्ट बहुतेक पुस्तकांत चार ओळींत उरकलेली असते. ती मला पूर्णपणे कळली ती पत्रांतून. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात या शोधाशी संबंधित हजारो कागद जपून ठेवले आहेत आणि त्यांतले पुष्कळसे आता घरबसल्या संगणकावर वाचता येतात. माझे इंग्रजी बी.ए.पुरते आणि ती अक्षरे सव्वाशे वर्षांपूर्वीची. पण पत्रे वाचण्याची सवय जुनी आहे.

मे १९०० मध्ये अमेरिकी लष्कराने चार डॉक्टरांचे एक मंडळ क्यूबात नेमले. प्रमुख वॉल्टर रीड, बरोबर जेम्स कॅरोल, जेसी लाझीर आणि अरिस्टिडीस आग्रामॉन्टे. पीतज्वर डासामुळे पसरतो असे हवानाचे डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्येच मांडले होते. लोकांनी ते हसण्यावारी नेले, कारण त्यांच्या प्रयोगांतून ते पक्के सिद्ध होत नव्हते. अडले होते दिवसांच्या हिशेबापाशी. रोग्याच्या रक्तात विषाणू डासाला मिळतो तो आजाराच्या पहिल्या तीनेक दिवसांतच. मग डासाच्या अंगात तो मुरायला बारा-एक दिवस लागतात. त्याआधी तो डास कितीही जणांना चावला तरी कुणाला काही होत नाही. हेन्री कार्टर नावाच्या डॉक्टरने मिसिसिपीतल्या खेड्यांत घरोघर तारखा टिपून पाहिल्या होत्या. पहिला रोगी आणि त्याच्या घरातले पुढचे रोगी यांच्यात दोन-तीन आठवड्यांचे अंतर पडते, हे त्याने दाखवले. लाझीरने ही टिपणे आणि फिनलेंनी दिलेली डासांची अंडी एकत्र आणली.

२७ ऑगस्टला कॅरोलने एक डास स्वतःच्या हाताला चावू दिला. त्या डासाने बारा दिवसांपूर्वी एका रोग्याचे रक्त घेतले होते. चार दिवसांत कॅरोल अंथरुणाला खिळला आणि मरणाच्या दारातून परत आला. रीड त्या वेळी वॉशिंग्टनला होता. कॅरोल सुधारतो आहे ही बातमी मिळाल्यावर ७ सप्टेंबरला त्याने जे पत्र लिहिले ते शास्त्रज्ञाचे वाटत नाही, सुटीची घंटा ऐकलेल्या पोराचे वाटते. जयजयकार, देवाचे आभार. आणि मग पत्राच्या पाठीवर एकच प्रश्न : डासानेच केले का हे? मित्र वाचल्याचा आनंद पुढच्या बाजूला, आणि ज्यासाठी तो मरायला टेकला ती गोष्ट मागच्या बाजूला. शोधनिबंधात या दोन गोष्टी एका कागदावर कधीच येत नाहीत.

दुसऱ्याच दिवशी, ८ सप्टेंबरला, लाझीरने बायकोला लिहिले. मेबल बाळंतपणासाठी अमेरिकेला परतली होती आणि नुकतीच त्यांना मुलगी झाली होती. खऱ्या कारणाच्या मागावर आपण आहोत असे वाटते, पण याची कुठे वाच्यता करू नकोस, असे त्याने कळवले. पाच दिवसांनी त्याला डास चावला. १८ तारखेला ताप आला आणि २५ सप्टेंबरला, वयाच्या ३४ व्या वर्षी, तो गेला. मेबलकडे तार गेली. इस्पितळात डास चुकून हातावर बसला, असे तेव्हा सांगितले गेले. त्याने तो मुद्दाम चावू दिला असावा, असे पुढच्या अनेक अभ्यासकांचे मत आहे. ते मलाही पटते. एवढा मोजून-मापून डास पाळणारा माणूस हातावरचा डास उडवणार नाही, असे होत नाही. पण बायको-पोरे असलेल्या माणसाबद्दल हे उघड कोण लिहील? त्यानेही लिहिले नाही. नानीपुढे गाळलेल्या त्या ओळी मला इथे आठवल्या.

नोव्हेंबर १९०० मध्ये रीडने उघड्या माळावर छावणी उभारली आणि तिला लाझीरचे नाव दिले. तिथे दोन खोपट्या होत्या. एकीत धडधाकट माणसे वीस रात्री रोग्यांच्या घाणेरड्या अंथरुणा-कपड्यांत झोपली. एकालाही ताप आला नाही. दुसरी स्वच्छ होती, पण मधोमध तारेची जाळी आणि जाळीच्या एका बाजूला डास. त्या बाजूच्या माणसालाच पीतज्वर झाला. कपडे जाळण्यावर आणि घरे धुण्यावर शतकभर केलेला खर्च वाया गेला होता, हे त्या जाळीने दाखवले. ९ डिसेंबरला रीडने बायकोला, एमिलीला, लिहिले की घटसर्पाचा उतारा आणि कॉखने शोधलेला क्षयाचा जंतू सोडला, तर एकोणिसाव्या शतकातले हेच सर्वांत मोठे काम ठरेल. नवऱ्याने बायकोपाशी मारलेली ही थोडीशी फुशारकी आहे, पण फार चुकीची नव्हती. वर्षभरात हवाना पीतज्वरातून सुटू लागले आणि पुढे पनामाचा कालवा खणता आला. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री, शतक संपायला काही मिनिटे उरली असताना, तो पुन्हा एमिलीलाच लिहीत बसला होता. माणसांचे दुःख हलके करणारे काहीतरी हातून घडावे ही वीस वर्षांची प्रार्थना फळाला आली, असे त्यात आहे. त्यानंतर दोन वर्षेही पुरी झाली नाहीत. नोव्हेंबर १९०२ मध्ये आंत्रपुच्छाच्या दुखण्याने तो वारला.

ही पत्रे जपली गेली ती फिलिप हेंच यांच्यामुळे. ते सांध्यांच्या रोगांचे डॉक्टर. कॉर्टिसोनच्या कामासाठी त्यांना १९५० चे नोबेल मिळाले. पीतज्वराशी त्यांचा धंद्याने संबंध नव्हता. तरी १९३७ च्या सुमारापासून त्यांनी या प्रयोगांतली हयात माणसे आणि गेलेल्यांचे नातलग गाठले, ट्रंका उघडायला लावल्या, छावणीची जागा शोधली. १९६५ मध्ये ते वारल्यावर त्यांच्या पत्नीने सारा संग्रह विद्यापीठाला दिला.

पण ट्रंका सगळ्यांच्या घरी नसतात. छावणीत डास चावून घेणाऱ्यांत नुकतेच क्यूबात उतरलेले स्पॅनिश मजूरही होते. त्यांच्याशी स्पॅनिशमध्ये लेखी करार झाले. प्रयोगासाठी सोन्याचे १०० डॉलर, ताप आला तर आणखी १००. माणसावरच्या प्रयोगाआधी लेखी संमती घेण्याचे हे फार जुने उदाहरण म्हणून त्या करारांना आज मोठा मान आहे. ते करार मी वाचले. त्या मजुरांनी आयांना काय लिहिले, किंवा लिहायचे टाळले, ते मी पाहिलेल्या कागदांत नाही. १९२७ मध्ये आजच्या घाना देशात असिबी नावाच्या २८ वर्षांच्या आफ्रिकी माणसाचे रक्त घेतले आणि भारतातून नेलेल्या लाल तोंडाच्या माकडाला टोचले. आफ्रिकी माकडांवर जे साधत नव्हते ते आपल्या माकडावर साधले. प्रयोग करणारे एड्रियन स्टोक्स त्याच वर्षी पीतज्वराने गेले. असिबी बरा झाला. त्याच्या रक्तातल्या विषाणूपासून मॅक्स थायलर यांनी लस तयार केली आणि त्यांना १९५१ चे नोबेल मिळाले. मामूंच्या दंडात गेली ती लस त्याच वंशातली. असिबीचे नाव विषाणूला राहिले, पत्र एकही नाही.

पुण्यात १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी विषाणू संशोधन केंद्र सुरू केले. आज त्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतात. पीतज्वर इथे का नाही, हाही त्या मंडळींपुढचा एक प्रश्न होता. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, तेव्हा पहिली शंका पीतज्वराचीच आली आणि पुण्याची माणसे धावली. निघाला वेगळाच, गोचिडींतून पसरणारा विषाणू. तोच माकडताप २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गला येऊन ठेपला. डास आहे, माकडे आहेत, उकाडा आहे, तरी पीतज्वर नाही, याचे सगळ्यांना मान्य असे उत्तर अजून मिळालेले नाही. डेंग्यू होऊन गेलेल्या अंगात थोडा बचाव तयार होत असेल असे काही म्हणतात. रोगी इथवर पोचलाच नाही असे काही.

मामूंची पत्रे २६ जुलै २००५ च्या पावसात गेली. पत्र्याच्या पेटीत पाणी शिरले आणि निळ्या कागदांचा लगदा झाला. मामींनी पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर टांगून ठेवला होता, त्यात पिवळे कार्ड राहिले. त्यावर दोन शिक्के आहेत. पहिल्याची मुदत संपल्याची तारीख आणि दुसऱ्याची सुरू होण्याची तारीख यांच्यात सात महिने रिकामे आहेत. खाली मामूंची उर्दूतली सही आहे.