मद्याचा महसूल आणि दल्ली-राजहराचा धडा

२८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत शंकर गुहा नियोगी यांची झोपेत असताना गोळी झाडून हत्या झाली. त्यांचे नाव आज कामगार लढ्यासाठी घेतले जाते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला मात्र त्यांचे दारूविरोधी कार्यही तितकेच महत्त्वाचे वाटते.

भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा येथील कंत्राटी कामगारांनी १९७७ मध्ये छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ स्थापन केला. त्याच वर्षी जूनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात अकरा जण मृत्युमुखी पडले. एवढी किंमत मोजून मजुरी वाढली आणि ती दारूच्या गुत्त्यावर जाऊ लागली. तेव्हा संघाने दारूला व्यक्तीचा दुर्गुण न ठरवता मजुरीचाच प्रश्न मानले. वस्त्यांतून सभा झाल्या, स्त्रिया पुढे आल्या आणि हजारो कामगारांनी व्यसन सोडले. १९८३ मध्ये कामगारांच्याच वर्गणीतून व श्रमांतून शहीद रुग्णालय उभे राहिले.

त्याच छत्तीसगढचे आजचे चित्र विषण्ण करणारे आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने ‘एम्स’कडून करवून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, १० ते ७५ वयोगटातील मद्यसेवनाचे प्रमाण देशभरात १४.६ टक्के, तर छत्तीसगढमध्ये ३५.६ टक्के म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होते. २०१७ पासून तेथे किरकोळ मद्यविक्री सरकारी महामंडळच करते. २०१८ च्या निवडणुकीत दिलेले दारूबंदीचे आश्वासन कागदावरच राहिले.

यात मी केवळ प्रेक्षक नाही. सेवेत असताना एका जिल्ह्यात सकाळी उत्पादन शुल्काच्या वसुलीचा आढावा घेऊन, उद्दिष्ट गाठले नाही म्हणून मी अधिकाऱ्यांना धारेवर धरले होते. त्याच दिवशी दुपारी व्यसनमुक्ती सप्ताहाचे उद्घाटनही माझ्याच हस्ते झाले. त्या दिवशी त्यात काही विसंगत आहे, असे मला वाटले नाही. आज ते आठवून संकोच होतो.

निव्वळ बंदी हे उत्तर नव्हे. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी टिकली, कारण तिच्यामागे लोकचळवळ होती. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठली; अवैध दारू आणि वाढती गुन्हेगारी ही सरकारने दिलेली कारणे होती. शिवाय दीर्घकाळ मद्यावर अवलंबून असलेल्या माणसाचे पिणे एकाएकी थांबले, तर थरथर, झटके, भ्रम उद्भवतात आणि प्रसंगी मृत्यूही ओढवतो. अशा माणसाला उपदेशाआधी उपचार हवेत. त्याच पाहणीनुसार, मद्यावलंबी ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही उपचार मिळतात.

राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करण्याचे कर्तव्य राज्यसंस्थेला सांगितले आहे. तूर्त दोन गोष्टी सहज शक्य आहेत. मद्य महसुलाचा निश्चित वाटा कायद्याने जिल्हा रुग्णालयांतील व्यसनोपचारासाठी राखून ठेवावा आणि विक्रीवाढ हा अधिकाऱ्यांच्या मूल्यमापनाचा निकष असू नये. तुटपुंज्या मजुरीतून खाणकामगारांनी रुग्णालय उभारले. मद्याच्या महसुलावर तिजोरी भरणाऱ्या शासनाला ‘निधी नाही’ असे म्हणता येणार नाही.