सामान्यांच्या मोटारीचा अस्त

१ जुलै २०२५ रोजी दिल्लीच्या पेट्रोल पंपांवर एक नवी व्यवस्था अमलात आली. पंपावरील कॅमेऱ्याने गाडीच्या क्रमांकाची पाटी वाचायची, नोंदणीच्या तपशिलाशी ती ताडून पाहायची आणि डिझेलची गाडी दहा वर्षांहून किंवा पेट्रोलची गाडी पंधरा वर्षांहून जुनी निघाली, तर तिला इंधन नाकारायचे, असे तिचे स्वरूप होते. आदेश होता राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील हवेच्या गुणवत्तेसाठी नेमलेल्या आयोगाचा. जनक्षोभ पाहून तिसऱ्याच दिवशी दिल्ली सरकारने त्याला स्थगिती मागितली आणि आयोगाने अंमलबजावणी नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलली. १२ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या आधारे वाहनमालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असे सांगितले. डिसेंबरमध्ये मात्र हा दिलासा ‘भारत स्टेज-४’ आणि त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरता मर्यादित करण्यात आला.

या साऱ्या काळात वृत्तवाहिन्यांवर गाजल्या त्या आलिशान गाड्या मातीमोल भावाने विकाव्या लागलेल्या मालकांच्या कहाण्या. त्या गदारोळात एका साध्या गाडीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. एप्रिल २०१० मध्ये राजधानी क्षेत्रासह देशातील १३ शहरांत ‘भारत स्टेज-४’ मानके लागू झाली, तेव्हा ‘मारुती ८००’ त्या मानकांपर्यंत नेण्यात आली नाही आणि या शहरांतील तिची विक्री थांबली. याचा अर्थ असा की, २०२५ च्या वसंतात दिल्लीत नोंदलेल्या अगदी अखेरच्या ‘८००’नेही वयाची पंधरा वर्षे ओलांडली. न्यायालयाने दिलेला दिलासाही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. या गाडीची कथा अखेर कायद्याच्या कलमांतच संपावी यात एक ऐतिहासिक विसंगती आहे. कारण ती जन्मालाही सरकारी धोरणातूनच आली होती.

‘जनतेची मोटार’ ही कल्पना आपल्याकडे नियोजनाच्या पहिल्या पर्वाइतकी जुनी आहे. १९६० च्या सुमारास ल. का. झा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अल्पखर्चिक मोटारीची शिफारस केली होती. त्या काळी ज्या देशात पोलाद आणि परकीय चलन दोन्ही तुटपुंजे होते, तेथे खासगी मोटार ही चैन मानली जाणे स्वाभाविक होते. उत्तरपाड्याची अॅम्बेसेडर आणि कुर्ल्याची फियाट, जी पुढे पद्मिनी झाली, यांच्यासाठी ग्राहकाने वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत तिष्ठत राहावे, हा त्या व्यवस्थेचा सहजधर्म होता. सत्तरच्या दशकात संजय गांधी यांचा मारुती प्रकल्प वादांत अडकला आणि बुडाला. फेब्रुवारी १९८१ मध्ये सरकारने मारुती उद्योग लिमिटेड ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन केली. व्ही. कृष्णमूर्ती आणि भारतीय प्रशासन सेवेतून आलेले आर. सी. भार्गव यांच्यासारख्यांच्या हाती तिची सूत्रे होती. ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या ग्राहकाला, इंडियन एअरलाइन्सच्या एका कर्मचाऱ्याला, किल्ली देण्यात आली.

गाडीची किंमत पन्नास हजार रुपयांच्या आसपास होती. ही रक्कम तेव्हा लहान नव्हती. नोंदणीसाठी दहा हजार रुपये आगाऊ भरणाऱ्या लाखाहून अधिक लोकांना सामान्य म्हणणे धाडसाचे ठरेल. गाडी खऱ्या अर्थाने सामान्यांची झाली ती नंतर आणि कारखान्याच्या बाहेर. पहिला मालक चार-सहा वर्षांनी ती विकत असे, दुसरा आणखी काही वर्षांनी. करोल बागेच्या जुन्या गाड्यांच्या बाजारातून ती शाळामास्तर, दुकानदार, निवृत्त कारकून यांच्या दारात येई. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन, जेमतेम साडेसहाशे किलो वजन आणि कोणत्याही गल्लीतल्या मेकॅनिकला उमजेल अशी रचना. सुटा भाग काश्मिरी गेटला मिळे, तेथे न मिळाल्यास मायापुरीच्या भंगारात. मुंबईकरांनी हेच नाते काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीशी अनुभवले आहे. त्यांपैकी शेवटच्या गाडीने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतला, तेव्हा हळहळलेल्यांत कधीही स्वतःची मोटार न घेतलेलेच अधिक असतील.

मोटारीच्या परवडण्याचा विचार करताना आपण नव्या गाडीच्या किमतीकडे पाहतो. वस्तुतः ती परवडते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या मालकाला. गाडीचे आयुष्य जितके लांब आणि दुरुस्ती जितकी सोपी, तितकी ती समाजात खालपर्यंत झिरपते. हे सूत्र ध्यानात घेतले, तर तिचा अस्त कसा झाला हे उलगडते आणि कोणा एका खलनायकाचा शोध घेण्याची गरज उरत नाही.

मानके कठोर होत गेली, हे योग्यच झाले. १९९९ मध्ये महेशचंद्र मेहता यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने राजधानी क्षेत्रासाठी युरो मानके लागू केली नसती, तर आजची हवा कितीतरी अधिक विषारी असती. सुरक्षेचे नियमही आवश्यक होते. २०१४ च्या आरंभी ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत ‘अल्टो ८००’ आणि ‘नॅनो’ यांसह पाच भारतीय मोटारींना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी एकही तारा मिळाला नाही, ही लाजिरवाणी बाब होती. त्यानंतर एबीएस ब्रेक, एअरबॅग, धडक चाचणी हे टप्प्याटप्प्याने अनिवार्य झाले. परंतु अशा प्रत्येक सुधारणेचा खर्च महागड्या गाडीच्या किमतीत विरून जातो. लहान गाडीच्या किमतीत तो ठळक उठून दिसतो. ‘मारुती ८००’चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. जानेवारी २००८ मध्ये एक लाखाची गाडी म्हणून जगभर गाजलेली ‘नॅनो’ सिंगूरहून साणंदला गेली आणि दहा वर्षांत संपली. ‘अल्टो ८००’ मार्च २०२३ मध्ये बंद झाली. दरम्यान ग्राहकाची अभिरुचीही पालटली. २०२४-२५ मध्ये देशात विकल्या गेलेल्या सुमारे ४३ लाख प्रवासी वाहनांपैकी जवळपास २८ लाख ‘युटिलिटी’ वर्गातील होती. उंच बैठकीची, रुंद बांध्याची गाडी हे आता प्रतिष्ठेचे चिन्ह आहे.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. उत्तर रस्त्यावरील मृत्यूंच्या आकडेवारीत आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत दुचाकीस्वारांचे प्रमाण सुमारे ४४ टक्के होते. लहान मोटार ज्याच्या आवाक्याबाहेर जाते, तो कुटुंबाला घेऊन दुचाकीवर परततो आणि त्या वाहनाला एअरबॅग नसते. प्रवाशाला सुरक्षित करण्यासाठी केलेला नियम त्याला अधिक धोकादायक वाहनाकडे ढकलत असेल, तर त्या नियमाच्या जोडीला आणखी काहीतरी हवे.

राजधानी क्षेत्रातील वयोमर्यादेबाबतही हेच म्हणता येईल. राष्ट्रीय हरित लवादाचे २०१४ आणि २०१५ चे आदेश आणि त्यांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये केलेले शिक्कामोर्तब हे हिवाळ्यातील असह्य परिस्थितीचे अपत्य होते. जुन्या मानकांचे वाहन नव्यापेक्षा अधिक धूर ओकते, हे वादातीत आहे. शिवाय धुराची सर्वाधिक किंमत तो मोजतो ज्याच्याकडे कोणतीच मोटार नाही: रिक्षाचालक, फेरीवाला, पदपथावर झोपणारा मजूर. म्हणून जुन्या गाडीच्या मालकाचा हक्क त्याच्या श्वासापेक्षा मोठा ठरू शकत नाही.

तरीही वय हे प्रदूषणाचे ढोबळ माप आहे. वर्षाला तीन हजार किलोमीटर चालणारी निवृत्ताची ‘८००’ आणि रोज शेकडो किलोमीटर धावणारी गाडी यांत ते भेद करत नाही. दिल्ली सरकारसाठी आयआयटी कानपूरने केलेल्या आणि २०१६ मध्ये सादर झालेल्या अभ्यासात वाहनांतून निघणाऱ्या सूक्ष्म धूलिकणांत मालमोटारींचा वाटा सुमारे ४६ टक्के, दुचाकींचा ३३ टक्के आणि चारचाकींचा १० टक्के आढळला होता. आकडे दशकभर जुने आहेत, पण प्राधान्यक्रम कसा असावा हे ते सांगतात. त्यातच ना हरकत प्रमाणपत्र घेऊन गाडी क्षेत्राबाहेरच्या जिल्ह्यात नोंदवता येते. तेथे ती धूर सोडत राहते. बदलतो तो फक्त श्वास घेणारा. मेक्सिको सिटीने १९८९ मध्ये आठवड्यातून एक दिवस गाडी न चालवण्याचा नियम केला, तेव्हा अनेकांनी दुसरी जुनी गाडी घेऊन तो निष्प्रभ केला होता. पर्याय न देता केलेली मनाई पळवाटा निर्माण करते.

पर्याय कोणता, हे आपल्याला पाव शतकापासून ठाऊक आहे. जुलै १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील बसगाड्यांचा ताफा दहा हजारांवर नेण्याचा आदेश दिला होता. मुदत होती एप्रिल २००१. राजधानीत मेट्रोचे विस्तीर्ण जाळे उभे राहिले, याचा अभिमान जरूर असावा. पण बसगाड्यांचा तो आकडा अद्याप गाठला गेलेला नाही. इंदिरापुरम, ग्रेटर नोएडा किंवा फरिदाबादच्या वसाहतीतून मेट्रो स्थानक गाठण्याचा प्रश्न ज्याने सोडवलेला नाही, त्या शासनाने नागरिकाची जुनी गाडी काढून घेताना थोडा संकोच बाळगायला हवा.

दुसरा धडा जपानचा आहे. ‘मारुती ८००’चे मूळ तेथील ‘केई’ वर्गातील छोट्या मोटारींत आहे. युद्धोत्तर काळात, १९४९ मध्ये, जपानने हा वर्ग कायद्याने निर्माण केला आणि लांबी, रुंदी व इंजिनक्षमता यांच्या मर्यादेत राहणाऱ्या गाडीला करसवलत दिली. आज ही मर्यादा ३.४ मीटर आणि ६६० सीसी अशी आहे. या गाड्या आधुनिक मानके पाळतात, सुरक्षित आहेत आणि तेथील बाजाराचा सुमारे एक-तृतीयांश हिस्सा त्यांच्याकडे आहे. आपल्याकडील करव्यवस्थेत लहान मोटारीची लांबी चार मीटरपर्यंत मानली जाते. ‘मारुती ८००’ सुमारे ३.३ मीटरची होती. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरील वस्तू आणि सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि उपकर गेला, हे स्वागतार्हच. परंतु ही सवलत छोट्या बांध्याच्या साध्या गाडीला जेवढी मिळते, तेवढ्याच दराने चार मीटरांत बसवलेल्या ऐटबाज ‘एसयूव्ही’लाही मिळते. ज्या सवलतीचा लाभार्थी नेमका नसतो, तिचा लाभ अधिक नफ्याच्या वस्तूकडे वाहत जातो, हा सार्वजनिक वित्ताचा जुना अनुभव आहे.

धोरणाची दिशा यातून स्पष्ट होते. गाडीचा निवाडा जन्मतारखेऐवजी विश्वासार्ह स्वयंचलित तपासणी केंद्रातील धुराच्या मोजणीवर व्हावा. पंपाशेजारच्या टपरीतून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर तो सोडता येणार नाही. अनुत्तीर्ण गाडी भंगारात जावी, पण एकच गाडी असलेल्या अल्प उत्पन्न कुटुंबाला मिळणारा मोबदला नाममात्र नसावा. करसवलत खरोखर हलक्या, छोट्या आणि शक्य तेथे विजेवर चालणाऱ्या गाडीसाठी राखली जावी. आणि या सर्वांच्या आधी बसगाड्या याव्यात.

‘मारुती ८००’ परत यावी, असे कोणी सुचवणार नाही. तिचे युग संपले आणि ते संपायलाच हवे होते. परंतु १९८३ मध्ये राज्यसंस्थेने मध्यमवर्गाच्या खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला एक आश्वासन दिले होते: चार जणांच्या कुटुंबाला ऊन-पावसापासून आडोसा देणारे वाहन तुझ्याही आवाक्यात येईल. गाडी भंगारात गेली, म्हणून ते आश्वासन रद्द होत नाही. ते आता बसने पाळायचे की छोट्या विजेच्या मोटारीने, हे शासनाने ठरवायचे आहे.