फुफ्फुसाचा कर्करोग : स्कॅन काय सांगतो, रक्त काय सांगतं?

आई-बाबांना वाढदिवसाला ‘फुल बॉडी चेकअप’चं पॅकेज भेट देणं आपल्या पिढीत आता रुळलं आहे. त्यात बरेचदा ‘कॅन्सर मार्कर’ नावाची रक्ततपासणीही असते. आकडा नॉर्मल आला की घर निश्चिंत होतं, वाढलेला दिसला की सगळ्यांची झोप उडते. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत दोन्ही घाईचं ठरतं.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण कोणती तपासणी कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते, एवढं आपण सगळेच समजून घेऊ शकतो.

स्कॅन : गाठ आहे का, कुठे आहे?

साध्या एक्स-रेमध्ये लहान गाठ बरगड्यांच्या किंवा हृदयाच्या सावलीत लपू शकते. सीटी स्कॅनमध्ये काही मिलिमीटरची गाठही दिसते. अमेरिकेत ५५ ते ७४ वयाच्या, अनेक वर्षं भरपूर धूम्रपान केलेल्या ५३ हजारांहून अधिक लोकांवर मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. एक्स-रे गटाच्या तुलनेत कमी किरणोत्सर्गाच्या सीटी गटात या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी होते. मात्र ‘संशयास्पद’ ठरलेल्या दर १०० सीटी रिपोर्टांपैकी सुमारे ९६ मध्ये कर्करोग नव्हताच! आमच्या सर्व्हरचे अलार्म असेच असतात. वाजला की बघावं लागतं, पण प्रत्येक वेळी बिघाड असतोच असं नाही.

रक्त : गाठीचा स्वभाव काय?

‘सीईए’सारखा मार्कर धूम्रपानामुळे किंवा यकृताच्या आजारातही वाढतो आणि सुरुवातीच्या कर्करोगात नॉर्मल असू शकतो. म्हणून निदानासाठी त्यावर विसंबता येत नाही. ‘लिक्विड बायोप्सी’ वेगळी. गाठीतून रक्तात आलेले डीएनएचे तुकडे त्यात शोधतात. ‘ईजीएफआर’सारखा जनुकीय बदल सापडला, तर त्यावरची नेमकी गोळी निवडता येते. पण लहान गाठीतून असे तुकडे फार कमी येतात. त्यामुळे रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून आजार नाही, असं होत नाही.

आपल्याकडचा गुंता

आपल्याकडे क्षयरोग भरपूर. एक्स-रेवरचा डाग दोन्हींत सारखा दिसू शकतो, आणि पेट स्कॅनमध्ये क्षयाची गाठही उजळते. थुंकीत जंतू सापडलेले नसताना केवळ डाग पाहून क्षयाची औषधं सुरू झाली आणि उतार पडत नसेल, तर थांबून राहू नका. पुढच्या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. तिथे गेलेले महिने परत मिळत नाहीत.

शेवटचा शब्द बायोप्सीचा. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच निदान पक्कं होतं. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ या भीतीपोटी ती टाळू नका.

खोकला तीन आठवडे हटत नसेल, थुंकीत रक्त दिसत असेल किंवा वजन उगाच घटत असेल, तर पॅकेज बुक करत बसू नका. आई-बाबांना घेऊन थेट छातीच्या डॉक्टरांकडे जा. त्यांनी कधी सिगारेट ओढली नसेल, तरीही!