तोनकात्सु खायला बसाल तेव्हा

जपानमध्ये तोनकात्सुच्या, म्हणजे डुकराच्या तळलेल्या कटलेटच्या दुकानात शिरलात की पहिला प्रश्न: रोसु की हिरे? रोसु म्हणजे डुकराच्या पाठीकडचं, कडेला चरबीची पट्टी असलेलं मांस. हिरे मऊ, जवळपास बिनचरबीचं. माझं मत विचाराल तर डोळे मिटून रोसु. खरी चव त्या चरबीतच!

बऱ्याच ठिकाणी आधी खाचांचा छोटा खल आणि तीळ येतात. तीळ आपणच घोटायचे, वर दाट गोड-आंबट सॉस ओतायचा. पण कटलेट त्यात बुचकळू नका. पांकोचं, म्हणजे पावाच्या जाडसर चुऱ्याचं कुरकुरीत आवरण मऊ पडतं. पहिला तुकडा नुसत्या मिठासोबत खाऊन बघा. मग किंचित काराशी लावा. ही मोहरी थेट नाकात जाते, जपून.

शेजारी केसासारखा बारीक चिरलेला कच्चा कोबी. ही जोडी टोकियोच्या गिंझा भागातल्या, १८९५ साली सुरू झालेल्या रेंगातेई या रेस्टॉरंटने रूढ केली असं मानतात. अनेक दुकानांत कोबी, भात, आंबवलेल्या सोयाबीनचं मिसो सूप पुन्हा घेतलं तरी जादा पैसे पडत नाहीत. कोबी तरी मागाच. नागोयात सॉसऐवजी गडद, गोडसर मिसोचा रस ओततात. तो पहिल्याच घासाला आवडेल असं नाही.