जुन्या लाकडाचे खुराडे

परसात आठदहा कोंबड्या बाळगणाऱ्या घरांतून रात्री त्यांची सोय बहुधा दोनच तऱ्हांनी केलेली दिसते. एक तर त्यांना डालग्याखाली कोंडतात, नाही तर पडवीच्या कोपऱ्यात विटा रचून वर पत्रा टाकतात. डालग्यात जीव गुदमरतो आणि विटांच्या फटीतून घूस शिरते. नीट खुराडे करावे असे कुणाला वाटत नाही असे नाही. पण नव्या लाकडाच्या पैशात आणखी कोंबड्या येतील, असा घरधनिणीचा हिशेब असतो आणि तो काही खोटा नाही. तेव्हा जुन्या लाकडातून खुराडे कसे उभारावे ते पाहू. या लाकडात एक वैरी लपून बसतो, त्याचीही ओळख करून घेऊ.

लाकूड कुठले घ्यावे? पडक्या घराचे वासे, मोडक्या बैलगाडीच्या फळ्या, जुन्या पलंगाची चौकट, फळांची खोकी, सगळे चालते. सागवानी वासा पन्नास वर्षांचा असला तरी आतून खणखणीत निघतो. हातोडीने ठोकून बघा. बद्द आवाज आला किंवा बारीक भुसा गळला, तर ते चुलीत घाला. कारखान्यांच्या वसाहतीजवळ भंगारवाल्याकडे माल ठेवायच्या लाकडी चौकटी मिळतात. त्यांना पॅलेट म्हणतात. परदेशी मालाबरोबर आलेल्या चौकटीवर शिक्का असतो. त्यात एच आणि टी ही इंग्रजी अक्षरे असली तर लाकूड नुसते तापवलेले आहे असे समजा. एम आणि बी असली तर त्याला विषारी धुरी दिलेली आहे. ते घेऊ नका. औषधांची खोकी, रंगाचे पापुद्रे सुटलेली जुनी दारे आणि काळ्या तेलाचा वास येणारे रेल्वेचे स्लीपर, हेही नकोत. जुन्या रंगात शिसे असते आणि कोंबडी तर दिसेल ते टिपते.

खिळे आधी सगळे उपटून काढा. सुतार जुन्या लाकडाला करवत लावायला का कुरकुरतो, ते एक खिळा दात्यांत आला म्हणजे कळते! गंजका खिळा पायात गेला तर धनुर्वाताची सुई टोचून घ्यायला मात्र आळस नको.

आता त्या वैऱ्याकडे वळू. तो म्हणजे कोंबड्यांचा गोचीड. गाईम्हशींच्या अंगावर दिवसभर दिसतो तो वेगळा. मोठा झालेला हा चपटा किडा दिवसा लाकडाच्या भेगेत, सालीखाली, भिंतीच्या फटीत दडतो. रात्री बाहेर येतो, झोपलेल्या कोंबडीचे रक्त पितो आणि उजाडायच्या आत परत भेगेत जातो. म्हणून दिवसा कोंबडी कितीही चाळून पाहिली तरी तो सापडत नाही. उपाशी तो वर्षाहून अधिक काळ जगतो. त्यामुळे खुराडे चार महिने रिकामे ठेवले की गोचीड मरतील, ही समजूत धरू नका. त्याने रक्त शोषले की अंडी कमी होतात, तुरा फिका पडतो. शिवाय तो एक ताप पसरवतो. त्यात कोंबडी पेंगत बसते, हिरवट हगते, पाय लुळे पडतात आणि मरते. घरात म्हणतात, मानमोडी आली. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस टोचलीच पाहिजे, त्यात शंका नाही. पण ती लस या तापाला चालत नाही. आठवडी बाजारातल्या पैशासाठी राखलेल्या कोंबड्या अशा एकामागून एक जाऊ लागल्या, तर मेलेली कोंबडी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा आणि रात्री विजेरी घेऊन बसायच्या दांड्या तपासा.

म्हणून जुन्या लाकडाचे खुराडे उघडता येईल, सुटे करता येईल असेच जोडायचे. सगळे खिळ्यांनी गच्च ठोकून टाकले की पुढे भेगेपर्यंत हात पोचत नाही. फळ्या जोडण्याआधी त्यांवर उकळते पाणी ओता, कडक उन्हात वाळवा, भेगा लांबीने बुजवा आणि वरून चुन्याचे दोन हात द्या.

दहा देशी कोंबड्यांना रात्रीपुरते ४ फूट लांब, ३ फूट रुंद खुराडे पुरते. पुढची उंची ३ फूट, मागची अडीच, म्हणजे पाणी मागे निथळते. जमिनीपासून ते २ फूट वर हवे. तळाला पट्ट्यांची चौकट करा, दोन पट्ट्यांत अर्धा इंच फट ठेवा आणि चौकट बाजेसारखी उचलून बाहेर काढता येईल अशी बसवा. विष्ठा खाली पडते. ती खड्ड्यात कुजवून मगच भाजीला घाला, ताजी घातली तर रोप जळते. बसायला दोन दांड्या लावा, तळापासून फूटभर वर आणि दोन्ही एकाच उंचीवर. नाहीतर वरच्या दांडीसाठी रोज भांडण. एका कोंबडीला ८ इंच जागा धरली तर दहांना ८० इंच लागते, आणि ४ फुटांच्या दोन दांड्या ९६ इंच होतात. (गुरुजींनी हा हिशेब वर्गात मुलांकडून करवून घ्यावा.) दांडी दोन इंच जाड, कडा घासलेल्या. तिची टोके नुसती खाचेत ठेवायची, ठोकायची नाहीत. गोचीड त्या टोकांशीच जास्त जमतात. पंधरा दिवसांनी दांडी काढावी, टोकांवर आणि खाचेत उकळते पाणी ओतावे.

अंड्यांसाठी बाजूला फूटभर लांबरुंद दोन खोकी जोडा. ती दांडीपेक्षा खाली असू द्या, नाहीतर कोंबड्या त्यांतच झोपून घाण करतात.

आपल्याकडे पावसाचा मारा नैऋत्येकडून येतो. तेव्हा तोंड पूर्वेला करा आणि पाठ फळ्यांनी बंद ठेवा. पुढे जाळी लावा, पण बारीक तारेची षट्कोनी जाळी नको. ती कोंबडीला आत ठेवते, घुशीला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची जाड जाळी घ्या. छपराखाली चारी बाजूंनी वीतभर जाळीची पट्टी सोडली तर उन्हाळ्यात गरम हवा निघून जाते. पत्र्यावर उसाचे पाचट टाका. दाराला कडीकोयंडा हवा, दोरी नको. रानमांजर दोरीला दाद देत नाही.

खुराडे भिंतीला किंवा झाडाला टेकवू नका, हातभर सोडून ठेवा. पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात, मुंग्यांसाठी दुधाच्या कपाटाखाली ठेवत तशा. पाण्यात थोडे जळके तेल घातले की डासही होत नाहीत.

एवढे केल्यावर बाजारातून नवी कोंबडी आणली तर तिला लगेच आत सोडू नका. पंखाखालची पिसे उलटी करून बघा. तिथे निळसर काळे ठिपके दिसले तर ती गोचिडाची पिल्ले आहेत. ती मात्र काही दिवस अंगालाच चिकटून राहतात. अशा कोंबडीला दहा दिवस डालग्याखाली वेगळी ठेवावी, खालचे गवत जाळावे आणि डालग्यावरही उकळते पाणी ओतावे. जुने डालगे एवढ्यासाठी टाकू नका.